आईचा टाका आणि टी ८१.३१

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी कॉन्व्हेंटचा. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी कसंबसं पास व्हायचा विषय होता. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. (लेख पोटाविषयीच आहे, त्यामुळे फार जड जाणार नाही!)

मराठी विभागाच्या संपादक मंडळाने मला मेसमध्ये गाठलं आणि "काहीतरी माहितीपर लिही" म्हणून हुकूम सोडला. त्यांना बहुतेक रोबोटिक्स किंवा इलेक्ट्रिक गाड्या अपेक्षित होत्या. मी विषय सांगितला, "गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर टाके उसवले, तर त्याचा कोड कसा लिहितात." थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग एकाने विचारलं, "सी मध्ये की जावामध्ये?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हा लेख. आईची परवानगी घेऊन लिहितोय, कारण सुरुवात तिच्यापासून झाली.

पिशवीचं ऑपरेशन

गेल्या वर्षी सेमिस्टरची परीक्षा संपवून साताऱ्याला घरी गेलो, तेव्हा कळलं की आईचं ऑपरेशन ठरलंय. कसलं? तर "पिशवीचं". आमच्या घरात, शेजारी, नातेवाइकांत सगळे एवढंच म्हणतात. "पिशवीला गाठी आहेत, पिशवी काढायचीय." शाळेत मला युटेरस हा शब्द शिकवला होता, तोही घाईघाईत, कारण रिप्रॉडक्शनचा धडा टीचरनी "घरी वाचून या" म्हणून सोडून दिला होता. गर्भाशय हा शब्द मला वाचता येत होता, पण मोठ्याने कधी म्हटला नव्हता. म्हणजे वीस वर्षांचा झालो तरी आईला नक्की काय विचारायचं, त्यासाठी माझ्याकडे एकाही भाषेत शब्द नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी आई घरी आली. मी रोज विचारायचो, "बरं वाटतंय ना?" ती म्हणायची, "हो." सातव्या दिवशी टाक्यातून गुलाबीसर पाणी यायला लागलं. आईने एक जुना रुमाल घडी करून आत ठेवला आणि गप्प बसली. घरात बाबा आणि मी. सांगणार कुणाला? दीड दिवस तिने तसाच काढला. शनिवारी माझी आत्येबहीण पुण्याहून आली. दोघी स्वयंपाकघरात होत्या. पाचच मिनिटांत ताई बाहेर आली आणि बाबांना म्हणाली, "मामा, गाडी काढा."

सुदैवाने फक्त वरची कातडी आणि तिच्याखालचा चरबीचा थर उघडला होता, साधारण चार सेंटिमीटर. आतला मजबूत पडदा शाबूत होता. काही दिवस ड्रेसिंग आणि मग पुन्हा टाके, एवढ्यावर भागलं. पण परत येताना ताई मला जे म्हणाली ते अजून डोक्यात आहे. "ऑपरेशननंतर आठवड्याभरात टाक्यातून अचानक असं पाणी आलं, तर आतला थर सुटत असू शकतो. हे थांबून बघायचं नसतं रे. तू घरात होतास ना?"

होतो. विचारतही होतो. पण चुकीचा प्रश्न.

ताई काय करते?

ताई बी.फार्म. आहे आणि पुण्यात मेडिकल कोडर म्हणून काम करते. आजवर मी हॉस्टेलवर सांगायचो की माझी बहीण कोडिंग करते, आणि सगळ्यांना ती सॉफ्टवेअरवाली वाटायची. तसं नाही. अमेरिकेतल्या हॉस्पिटलमध्ये पेशंटवर उपचार झाले की डॉक्टर त्याची नोंद लिहितात. ती नोंद वाचून प्रत्येक आजाराला आणि प्रत्येक उपचाराला ठरलेला कोड द्यायचा, हे कोडरचं काम. त्या कोडवर विमा कंपनी किंवा अमेरिकन सरकारची मेडिकेअर योजना पैसे देते. पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई इथे हे काम करणारी मोठी ऑफिसं आहेत.

अमेरिकेत पेशंटच्या माहितीच्या गुप्ततेसाठी १९९६ चा हिपा नावाचा कायदा आहे. त्यामुळे ताईला कामाच्या जागी फोन नेता येत नाही, साधा कागदही बाहेर आणता येत नाही. एकाही पेशंटबद्दल ती कधी घरी बोललेली नाही. मला तिने जे शिकवलं ते आईच्या उशाशी बसून, स्वतः रचलेल्या उदाहरणांवर. ताई आठवडाभर राहिली होती. दुपारी आई झोपली की आमचा क्लास सुरू व्हायचा.

कोडची रचना

आजारांच्या कोडच्या यादीचं नाव आयसीडी. मृत्यूच्या कारणांची एक आंतरराष्ट्रीय यादी फ्रान्सच्या जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडली, तिथून ही परंपरा सुरू झाली. १९४८ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेने ती आपल्याकडे घेतली. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अमेरिकेने तिच्यात आपली भर घालून आयसीडी-१०-सीएम बनवली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून सक्तीची केली. तीत सत्तर हजारांहून जास्त कोड आहेत! अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे, पण अमेरिकेतली बिलं अजून दहावीवरच चालतात.

आता आपल्या, म्हणजे इंजिनिअरच्या, नजरेने बघा. कोड जास्तीत जास्त सात अक्षरांचा. पहिली तीन अक्षरं म्हणजे मुख्य गट, मग टिंब, मग बारीक तपशील. टी ८१ हा गट म्हणजे ऑपरेशन किंवा उपचारातून उद्भवलेल्या आणि दुसरीकडे न बसणाऱ्या अडचणी. टी ८१.३ म्हणजे जखम उसवणे. टी ८१.३१ म्हणजे ऑपरेशनची बाहेरची जखम उसवणे. इथे पाचच अक्षरं झाली, पण नियम सांगतो की सातव्या जागी एक अक्षर हवंच. मग सहाव्या रिकाम्या जागेत एक्स टाकायचा. आपण स्ट्रक्चरमध्ये पॅडिंग करतो ना, अगदी तसाच. एक्स विसरलात तर कोड अवैध, क्लेम परत!

सातवं अक्षर तीनपैकी एक. ए म्हणजे त्या अडचणीवर सक्रिय उपचार चालू आहेत. डी म्हणजे ते संपले, आता भरून येण्याचा काळ आहे, नुसती तपासणी. एस म्हणजे मूळ दुखणं सरलं, पण मागे काही त्रास ठेवून गेलं. नवखे लोक ए म्हणजे पहिली भेट समजतात. मीही समजलो. ताई म्हणाली, "भेट कितवी ते मोजू नकोस. उपचार चालू आहेत का ते बघ. दुसऱ्या डॉक्टरकडे गेली आणि त्याने नव्याने टाके घातले, तरी ए च."

पोटाचे थर

पोटावरून गर्भाशय काढताना डॉक्टर एकामागून एक थर उघडतात. कातडी, चरबी, मग फेशिया नावाचा चिवट पांढरा पडदा, त्याखाली स्नायू आणि सगळ्यांत आत पोटाचं अस्तर. पोटाला खरा आधार त्या फेशियाचा. कातडी उसवली तर त्रास होतो, वेळ लागतो, पण जीव सहसा धोक्यात येत नाही. फेशिया सुटला तर खोकताना किंवा उठताना आतडं बाहेर येऊ शकतं. मग ताबडतोब ऑपरेशन थिएटर. अशा वेळी घरच्यांनी काहीही आत ढकलायचं नाही, सलाइनने ओलं केलेलं स्वच्छ कापड ठेवून सरळ हॉस्पिटल गाठायचं.

पेशंटच्या तोंडी दोन्हींना "टाके उसवले" हेच शब्द. कोडमध्ये मात्र वेगळे. टी ८१.३१ बाहेरच्या थरांसाठी, टी ८१.३२ आतल्या थरांसाठी. गंमत बघा, २०१५ च्या आधी अमेरिकेत आयसीडी-९-सीएम चालायचं, त्यात आतलं उसवलं तर ९९८.३१ आणि बाहेरचं उसवलं तर ९९८.३२. म्हणजे शेवटचा एक आणि दोन नव्या यादीत बरोबर उलटे झाले! जुन्या सवयीने हात चालवणाऱ्या कोडरचं काय झालं असेल, कल्पना करा. आणि थर कोणता हे डॉक्टरने लिहिलंच नसेल तर? "ऑपरेशनची जखम उसवली" एवढंच असेल, तर यादी ते बाहेरच्या जखमेतच टाकते. म्हणजे आतडं दिसत असलं तरी कागदावर कातडीच.

जखमेत पू झाला, इन्फेक्शन झालं, तर गट बदलतो, टी ८१.४. हा आधी एकच कोड होता. १ ऑक्टोबर २०१८ पासून त्याचेही खोलीप्रमाणे भाग केले. टी ८१.४१ वरच्या थराचं इन्फेक्शन, टी ८१.४२ खोल थराचं, टी ८१.४३ अवयव किंवा पोटाच्या पोकळीतलं आणि टी ८१.४४ म्हणजे ऑपरेशननंतरचं सेप्सिस, ज्यात इन्फेक्शनला शरीरभर प्रतिक्रिया उमटते. शिवाय जंतू कोणता ते कळलं असेल तर त्याचा वेगळा कोड जोडायचा. कातडीखाली नुसतं पाणी साठलं असेल, पू नाही आणि जखमही उघडलेली नाही, तर त्याला सेरोमा म्हणतात आणि तो टी गटात न जाता कातडीच्या प्रकरणात जातो, एल ७६.३४.

आणि सर्वांत महत्त्वाचा फाटा. सिझेरियनचा छेद आणि गर्भाशय काढण्याचा छेद पुष्कळदा ओटीपोटावर त्याच आडव्या रेषेत असतो. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणार नाही. पण सिझेरियनची जखम उसवली तर कोड ओ ९०.०, आणि तिच्यात इन्फेक्शन झालं तर ओ ८६.० चा गट. बाळंतपणाचं प्रकरणच वेगळं आहे. टी ८१.३ खाली स्पष्ट सूचना दिलेली असते की सिझेरियनची जखम इथे टाकू नका. तेव्हा छेद कुठे आहे यापेक्षा तो कशासाठी घेतला होता, हे आधी शोधायचं.

माझा पहिला पेपर

चौथ्या दिवशी ताईने माझी परीक्षा घेतली. "बाई ४६ वर्षांच्या. फायब्रॉइडच्या गाठींमुळे पोटावरून गर्भाशय आणि त्याचं तोंड दोन्ही काढलं. आठव्या दिवशी जखमेची कातडी आणि चरबी चार सेंटिमीटर उघडली. फेशिया शाबूत. पू नाही. डॉक्टरांनी लिहिलंय, ऑपरेशनच्या जखमेचं उसवणं. थिएटरमध्ये नेऊन पुन्हा टाके घातले. लिही."

मी ऐटीत लिहिलं. पहिला कोड डी २५.९, म्हणजे गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी. दुसरा टी ८१.३१ एक्स ए.

ताईने पहिल्या ओळीवर काट मारली. "गर्भाशय काढलं ना? मग गाठी कुठे राहिल्या? आजची भेट कशासाठी आहे?"

बरोबर उत्तर असं. पहिला कोड टी ८१.३१ एक्स ए, कारण आज उपचार जखमेवर झाले. त्याला जोडून वाय ८३.६, म्हणजे अवयव काढण्याच्या ऑपरेशननंतर उद्भवलेली अडचण, ऑपरेशनच्या वेळी हातून चूक झाल्याची नोंद नसताना. आणि झेड ९०.७१०, म्हणजे गर्भाशय आणि त्याचं तोंड दोन्ही आता शरीरात नाहीत. हा शेवटचा कोड ऐकून मला कसंतरीच झालं. आमच्या घरात जे कुणी धड उच्चारत नाही, ते इथे पाच अक्षरं-आकड्यांत आणि एका अंकात, अगदी निर्विकारपणे लिहिलेलं!

हे झालं आजाराचं. उपचारांची यादी वेगळी, तिला सीपीटी म्हणतात. ती अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ पासून चालवली आहे. पोटावरून गर्भाशय काढण्याचा कोड ५८१५०. वरवरची उसवलेली जखम साध्या टाक्यांनी बंद केली तर १२०२०, टाके न घालता आत गॉज भरून ठेवला तर १२०२१, आणि काम मोठं किंवा गुंतागुंतीचं असेल तर १३१६०. पोटाची भिंतच सुटून पुन्हा शिवावी लागली तर ४९९००.

इथे पैशाचा मुद्दा येतो. मेडिकेअर ५८१५० साठी सर्जनला जे पैसे देते, त्यातच नंतरच्या ९० दिवसांची देखभाल धरलेली असते. या काळात ड्रेसिंग केलं, टाका काढला, इन्फेक्शनवर औषध दिलं, तर सर्जनला वेगळं बिल लावता येत नाही. पण त्याच अडचणीसाठी पेशंटला परत थिएटरमध्ये न्यावं लागलं, तर उपचाराच्या कोडला ७८ हा जोड-आकडा लावून बिल करता येतं, आणि तेव्हाही फक्त प्रत्यक्ष ऑपरेशनचा वाटा मिळतो. म्हणजे "कुठे केलं" हा एक शब्द नोंदीत नसेल, तर केलेल्या कामाचे पैसे बुडतात. आणि नसताना लावला तर ती फसवणूक ठरू शकते.

"नंतर" म्हणजे "मुळे" नव्हे

आता ज्यासाठी हा सगळा लेख लिहिला तो मुद्दा. मी ताईला विचारलं, "डॉक्टरने लिहिलं की ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी ताप आला, जखम लाल आहे, अँटिबायोटिक सुरू केलं. मग टी ८१.४१ टाकायचा ना? उघड आहे की!"

"तुला उघड आहे," ताई म्हणाली. "डॉक्टरने लिहिलंय का?"

आयसीडी-१०-सीएमच्या अधिकृत नियमांत हे स्पष्ट आहे. ऑपरेशननंतर जे जे घडतं ते सगळं ऑपरेशनची गुंतागुंत ठरत नाही. ऑपरेशन आणि ही अडचण यांच्यात कार्यकारणाचा संबंध आहे, हे डॉक्टरच्या नोंदीतून दिसलं पाहिजे. "पोस्ट-ऑप ताप" यातला पोस्ट हा शब्द फक्त काळ सांगतो, कारण सांगत नाही. ताप लघवीच्या इन्फेक्शनचा असेल, छातीचा असेल. कोडरने ठरवायचं नाही. त्याच्या डोळ्यांना पेशंट दिसत नाही, फक्त कागद दिसतो. तिकडे कोडर मंडळींत एक सूत्रच आहे, जे लिहिलं नाही ते झालंच नाही.

मग अडलं तर काय करायचं? डॉक्टरला प्रश्न पाठवायचा. त्याला क्वेरी म्हणतात, आणि तिचेही नियम आहेत. "हे जखमेचं इन्फेक्शन आहे ना?" असं उत्तर सुचवणारं विचारायचं नाही. या उत्तराने बिल वाढेल की कमी होईल याचा उल्लेखही करायचा नाही. नोंदीतल्या खुणा मांडायच्या, शक्य ते पर्याय द्यायचे, "इतर" आणि "सांगता येत नाही" हेही पर्याय ठेवायचे आणि डॉक्टरला ठरवू द्यायचं. आपल्या व्हायवाला एक्सटर्नलने असे प्रश्न विचारले तर किती बरं होईल!

यात पणाला काय लागलेलं असतं? पैसे तर असतातच, पण हॉस्पिटलची पतही असते. अमेरिकन सरकारची एएचआरक्यू ही संस्था हॉस्पिटलच्या कोडवरून सुरक्षिततेचे निर्देशांक काढते. त्यातला चौदावा निर्देशांक म्हणजे पोटाच्या ऑपरेशननंतर आतली जखम सुटून पोट पुन्हा शिवावं लागण्याचं प्रमाण. आणि गर्भाशय पोटावरून काढल्यानंतरची इन्फेक्शन ही मेडिकेअरच्या दंडाच्या योजनेत मोजली जातात. त्या योजनेत सगळ्यांत खालच्या चौथाईतल्या हॉस्पिटलांचे पैसे एक टक्का कापतात. तेव्हा गुंतागुंतीचा कोड नसताना लावला तर चांगल्या सर्जनवर डाग, असताना लावला नाही तर ज्या बाईला त्रास झाला तिचा त्रास कुठल्याच हिशोबात नाही. दोन्हीकडून अन्यायच.

हल्ली नोंद वाचून कोड सुचवणारी सॉफ्टवेअर आली आहेत. मी लगेच म्हणालो, "मग तुझी नोकरी आमच्या ब्रँचवाले खाणार!" ताई शांतपणे म्हणाली, "खा. पण डॉक्टरने जे लिहिलंच नाही ते तुझं सॉफ्टवेअर कुठून वाचणार?" इनपुटच नसेल तर आउटपुट काय येणार? पहिल्या वर्षाला शिकलेली गोष्ट.

आईचा फॉर्म

हे सगळं अमेरिकेचं झालं. पण आपल्याकडेही मेडिक्लेमच्या फॉर्मचा जो भाग हॉस्पिटल भरतं, त्यात आयसीडी-१० कोडचे रकाने असतात. मी ते कधी पाहिलेच नव्हते. आई दुसऱ्यांदा ॲडमिट झाली, तिचा क्लेम बाबांनी पाठवला, आणि विमा कंपनीकडून पत्र आलं. याच आजाराचा क्लेम आधी मंजूर झाला आहे, पुन्हा भरतीचं कारण काय?

मी फॉर्मची झेरॉक्स काढून बघितली. दुसऱ्या फॉर्ममध्येही हॉस्पिटलने डी २५ च लिहिला होता. अगदी माझीच चूक! डिस्चार्ज कार्डवर "पोस्ट-ऑप केस, ड्रेसिंग व रिसुचरिंग" एवढीच ओळ. कंपनीच्या टेबलावरच्या माणसाला आईचं पोट दिसत नव्हतं, त्याला गाठीच दिसत होत्या, ज्या आधीच काढलेल्या होत्या. चुकीचा तो नव्हताच.

बाबा वैतागून भांडायला निघाले होते. ताईने थांबवलं. तिने डॉक्टरांना विनंती करायला सांगितली, जे झालं ते नीट लिहून द्या. डॉक्टरांनी पाच ओळींचं पत्र दिलं. ऑपरेशनची तारीख, जखम कितव्या दिवशी उघडली, कोणते थर उघडले, कोणता शाबूत होता, पुन्हा टाके का घालावे लागले. आपल्याकडे जी मूळ आयसीडी-१० चालते तिच्यातला टी ८१.३ हा कोड रकान्यात आला. काही आठवड्यांनी क्लेम मंजूर झाला. नवीन पुरावा कुठलाच नव्हता, फक्त घडलेलं शब्दांत आलं होतं.

तात्पर्य काय?

आईच्या दीड दिवसाचा मी नंतर पुष्कळ विचार केला. कोड अडतो कारण डॉक्टर लिहीत नाही. डॉक्टर लिहीत नाही, कारण कधी घाईत असतो आणि कधी पेशंटने सांगितलेलंच नसतं. आणि पेशंट सांगत नाही, कारण विचारणाऱ्याने "बरं वाटतंय ना?" असं विचारलेलं असतं. ही उत्तर सुचवणारी क्वेरी झाली! तिचं उत्तर "हो" च येणार.

आपण हॉस्टेलवर राहणारी मुलं. घरी आई, मावशी, काकू यांच्यापैकी कुणाचं ना कुणाचं असं ऑपरेशन होतंच, आणि आपल्याला फोनवर कळतं, "पिशवीचं झालं, सगळं ठीक आहे." तेव्हा हे विचारा. जखम कोरडी आहे का? काही पाणी, रक्त, पू येतंय का? कधीपासून, कुठल्या रंगाचं? कडा लाल किंवा गरम आहेत का? ताप आहे का? खोकताना टाक्याशी काहीतरी सुटल्यासारखं वाटतंय का? शुगर तपासली का? यातल्या कशालाही "हो" आलं, तर सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर. आणि डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तिथेच वाचा, नक्की काय झालं ते त्यावर लिहिलंय का बघा, नसेल तर नम्रपणे लिहून मागा. नंतर मागायला गेलं की चार हेलपाटे पडतात.

मुलांनो, लाज वाटेल. मलाही वाटली. पहिल्यांदा "आई, टाका कोरडा आहे का?" असं विचारलं तेव्हा कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन, तोंडावर हात ठेवून विचारलं होतं. पलीकडे आई एक क्षण गप्प झाली आणि मग तिने दहा मिनिटं सगळं नीट सांगितलं. कुणीतरी विचारायची ती वाट बघत होती म्हणे.

असो. लेख लांबला, उद्या सबमिशन आहे आणि जर्नल अजून कोरंच आहे. तिथेही नियम तोच आहे. जे लिहिलं नाही, ते झालंच नाही!